न धुतलेली पाठराखीण

बाईंनी आयुष्यात दोन धंदे केले आणि दोन्हींत पहिला प्रश्न एकच विचारला, "घरात माणसं किती, आणि त्यांतली दिवसा घरी असतात किती?" पहिल्या धंद्यात समोर मुलाचे वडील बसलेले असत, दुसऱ्यात लॅब्रेडॉरचे. उत्तर काहीही आलं तरी बाई "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये समोरच्याचं घर, नोकरी, संस्कार आणि खिडकीचे पडदे असं सगळं नापास झालेलं असे.

ठाकूरद्वारला एका आतल्या गल्लीत तळमजल्यावर त्यांचा गाळा होता आणि गाळ्यामागे राहायच्या दोन खोल्या. गाळ्यात त्यांनी उभा जन्म वधूवर सूचक मंडळ चालवलं. पुढे लग्नाळू मुलंमुली फोनवरच एकमेकांना परस्पर नापसंत करू लागली, मधल्या माणसाची गरज उरली नाही, आणि बाईंनी गाळा आमच्या सरांना भाड्याने दिला. सर आणि मॅडम हे परदेशात शिकून आलेलं जोडपं. त्यांनी तिथे कुत्र्या-मांजरांचं पाळणाघर, न्हाणीघर आणि दवाखाना असं तिन्ही एकत्र सुरू केलं. बाईंची अट एकच होती. कोपऱ्यातलं टेबल, खुर्ची आणि खुर्चीतल्या बाई जागच्या हलणार नाहीत. म्हातारी चार दिवसांत भुंकण्याला कंटाळेल असा सरांचा अंदाज होता. सरांचे अंदाज कुत्र्यांच्या बाबतीत बरे असत.

मी लालबागची, बीकॉम. माझं पद क्लायंट रिलेशन्स एक्झिक्युटिव्ह, म्हणजे फोन घ्यायचा, दार उघडायचं आणि सफाईवाली आली नाही की फरशीवरचं तळं पुसायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी मला चष्म्याच्या वरून पाहिलं.

"लग्न?"

"नाही."

"ठरलंय?"

"नाही."

"कोणी बघतंय तरी?"

"नाही हो बाई."

"मग इथे बरी आहेस. कुत्री असलं काही विचारत नाहीत."

मंडळाची जुनी पाटी काढली तर भिंतीचा गिलावा खाली येईल म्हणून ती तशीच होती, आणि तिच्याखाली आमची नवी, पंजाचं चित्र असलेली. त्यामुळे अधूनमधून चुकीची माणसं आत यायची. एकदा कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले, काखेत फाइल. मी नेमाप्रमाणे सुरुवात केली.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगा."

"स्वभाव?"

"शांत. अनोळखी माणसांत जरा बुजतो."

"चालेल, रुळतात हळूहळू. ऑपरेशन झालंय?"

गृहस्थ बिचकले. "अपेंडिक्सचं. कॉलेजात असताना."

कोपऱ्यातून पेपरामागून आवाज आला, "थांबलीस का? जंताचं औषध कधी दिलंय तेही विचार." मग बाईंनी त्यांना आपल्या टेबलाशी बोलावलं आणि डोळे मिटून दोन मुली सांगितल्या, नावागावासकट. त्यांतली एक जमली असं त्या सांगत असत. खरंखोटं त्यांनाच ठाऊक, कारण न जमलेलं स्थळ बाईंना कधी आठवतच नसे.

बाईंचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. त्याबद्दल कोणी हळहळलं की त्या म्हणत, "मिठाईवाला कुठे पेढे खातो?" घरात त्या आणि एक म्हातारी मांजर. पांढरी, शेपटीला करडी, एक कान फाटलेला. मांजरीचं नाव वन्सं. "सासर मिळालं नाही, म्हणून नणंद तरी ठेवून घेतली," बाई सांगायच्या, "काम करत नाही, हलत नाही, आणि माझ्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडते. आणखी काय म्हणायचं तिला?" वन्संशी त्या अहोजाहोनेच बोलत. "वन्सं, उठता का, पेपरावर बसलायत." वन्सं उठत नसत. बाई त्यांच्या पोटाखालून एकेक पान ओढून वाचत.

मी लागले तेव्हाच बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार हे ठरलं होतं. आमचं दुकान परळला हलणार होतं. बाईंच्या पुतण्याने त्यांच्यासाठी पनवेलच्या पुढे ज्येष्ठांच्या एका वसाहतीत खोली बघितली होती. तिथे योगासनं होती, भजन होतं, हिरवळ होती, आणि प्राण्यांना सक्त मनाई होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुतण्याला सांगितलं, "वन्सं कुठेतरी नांदायला लागेपर्यंत मी इथून हलत नाही. आणि नांदल्या नाहीत तर परत येईन. बिल्डिंग नसली तर नसली, फुटपाथवर खुर्ची टाकीन." पुतण्या हसला. आम्ही कोणी हसलो नाही, कारण आम्ही त्यांना रोज बघत होतो. त्या खरंच येऊन बसल्या असत्या.

आता नांदणं म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण आमच्या दुकानात त्या शब्दाला फार मान होता.

मॅडमचा नव्या गिऱ्हाइकांसाठी एक कार्यक्रम असे, त्याला त्या ऑनबोर्डिंग म्हणत. दारात फुगे, कुत्र्याच्या गळ्यात रुमाल, हाडाच्या आकाराचं बिस्किट आणि 'माझा पहिला दिवस' अशा पाटीसोबत फोटो. फुगा फुटायचा, कुत्रं टेबलाखाली शिरायचं, मालकीण डोळे पुसत घरी जायची आणि पोचल्या पोचल्या व्हिडिओ कॉल करायची. फोनमधून तिचा आवाज आला की कुत्रं दाराशी जाऊन गळा काढायचं. ते पाहून मालकीण रडायची आणि मालकिणीला पाहून मॅडम. बाई पेपर वाचायच्या.

एक दिवस त्यांनी पेपराची घडी घातली. "ही पाठवणी चाललीय की नाटकाचा प्रयोग?"

"बाई, पेट पेरेंटला विश्वास वाटायला हवा ना," मॅडम नाक पुसत म्हणाल्या.

"पेरेंटला विश्वास वाटून काय करायचंय? सासरी राहायचंय ते कोणाला? आणि रोज माहेरचा फोन आला की मुलगी नांदते कधी?"

त्या दिवसापासून कारभार बाईंनी हातात घेतला. त्यांना कोणी दिला नव्हता. आधी मालकाने एकट्याने यायचं, तो बघण्याचा कार्यक्रम. मग जनावराला घेऊन यायचं, पण बिस्किट नाही, लाड नाहीत, कारण पहिल्या भेटीत गोड वागतं ते खरं नसतं. मग अर्धा दिवस राहायचं, तो साखरपुडा. मुक्काम त्यानंतर. सोडायला येणाऱ्याने दारात घुटमळायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, रडायचं ते घरी जाऊन. कोणाचा पाय दारात अडला की बाई म्हणत, "तुम्ही निघा हो. तो रुळेल, तुमचंच कठीण दिसतंय." मालक दुखावून जात. पण कुत्री खरंच रडेनाशी झाली, आणि सरांनी तो सगळा प्रकार वेबसाइटवर इंग्रजी नाव देऊन टाकला. त्यात बाईंचा उल्लेख नव्हता. मला राग आला होता. बाईंना काही वाटलं नाही. "जमवणाऱ्याचं नाव पत्रिकेवर छापतात का कधी?"

सगळ्यात कडक नियम पाठराखिणीचा. पूर्वी नवी नवरी सासरी निघाली की माहेरची एखादी बाई तिच्या सोबत जायची, चार दिवस राहून परत यायची. ती पाठराखीण. बाईंनी ते पद कापडाला दिलं. प्रत्येक जनावराबरोबर घरातलं एक वापरातलं कापड आलंच पाहिजे, उशीचा अभ्रा, पंचा, गाऊन, काहीही. फक्त न धुतलेलं. "घरच्या माणसाचा घाम लागलेला पाहिजे," बाई भर दुकानात सांगत, आणि वरळीहून गाडीने आलेल्या बायका कानकोंड्या होऊन भिंतीवरचे कुत्र्यांचे फोटो बघू लागत.

इथे आपल्या माणसांची खरी मजा होती. ती कुत्र्याला एकटं सोडायला तयार व्हायची, फोन बंद ठेवायला तयार व्हायची, पण मळका कपडा दुसऱ्याच्या दारात न्यायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा. सांगून सांगून माझा घसा बसायचा, आणि तरी पिशवीतून निघायची ती स्वच्छ धुतलेली, इस्त्रीची, चौकोनी घडी.

दादरचं एक जोडपं लॅब्रेडॉर घेऊन आलं होतं. बाईंनी चादर नाकाशी नेली.

"ही कोण?"

"आमची बेडशीट. त्याच्या आवडीची आहे," बायको म्हणाली.

"ही साबणाची बहीण दिसतेय. तुमच्यापैकी कोणी नाही."

"अहो, एकदाच धुतलीय. तशीच कशी आणणार? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? हा?" बाईंनी लॅब्रेडॉरकडे बोट केलं. तो जीभ बाहेर काढून सगळ्यांकडे कौतुकाने बघत होता. मग बाईंची नजर नवऱ्याकडे वळली आणि हळूहळू खाली उतरली. "मोजे काढा."

"मोजे?"

"कालचेच आहेत ना?"

गृहस्थ लाल झाले, म्हणजे परवाचे असणार. ते तसेच, बिनमोज्याच्या बुटांत, ऑफिसला गेले. लॅब्रेडॉर त्या मोज्यांत नाक खुपसून दुपारभर घोरला. दुकानाला त्या दिवशी जो वास होता त्याचं वर्णन मी करत नाही.

बाई प्रत्येक वेळी बरोबर ठरत असं मुळीच नाही. एका बीगलला त्यांनी बघण्याच्या कार्यक्रमातच "गुणी स्थळ" म्हणून हिरवा कंदील दाखवला. त्या गुणी स्थळाने पहिल्या आठवड्यात सोफ्याचा हात खाल्ला, मग नळीसकट पाण्याचा फिल्टर पाडला, आणि शेवटी सरांच्या पोटरीला चावलं. सर लंगडत बाईंच्या टेबलाशी आले. बाईंनी पोटरी नीट निरखली आणि म्हणाल्या, "मी जमवून देते. टिकवून द्यायचं कंत्राट कधी घेतलं होतं?" हे वाक्य त्या सराईतपणे बोलल्या. जुन्या धंद्यातही ते पुष्कळदा लागलं असावं.

तर अशा बाईंनी वन्संसाठी स्थळं बघायला घेतली.

सर आणि मॅडमनी आपणहून मागणी घातली. बाईंनी विचारलं, दिवसा घरी कोण? कोणी नाही. "दोन माणसं, दोन लॅपटॉप. वन्संनी बोलायचं कोणाशी?" वरळीला समुद्रासमोर राहणाऱ्या एका बाईंचं घर बघायला मलाही नेलं. तिन्ही बाजूंना काचा, खाली लाटा, मांजरासाठी मखमली झाड. बाई खाली उतरताना लिफ्टमध्ये म्हणाल्या, "शोकेस आहे." खोताच्या वाडीतलं कुटुंब तर मला फारच आवडलं होतं. लाकडी जिना, दारात ऊन, बोलकी माणसं, आणि आजोबा दिवसभर घरी. पण तिथे एक कुत्रा होता, म्हातारा आणि निरुपद्रवी. "थोरली जाऊ आधीच बसलेली आहे," असा निकाल लागला. पुतण्याचे फोन वाढत चालले. बिल्डिंगमधली माणसं एकेक करून सामान हलवू लागली, वरच्या मजल्यावरचे नळ तोडले गेले, आणि बाई दर संध्याकाळी नवं स्थळ नापसंत करून घरी येत. त्यांना स्थळ मिळत नव्हतं की नको होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी एकदा त्या वन्संच्या पोटाखालून पेपर ओढता ओढता म्हणाल्या, "तुझ्या घरी दिवसा कोण असतं?"

"आई."

"बोलते?"

"थांबत नाही."

"हं," बाई म्हणाल्या. माझं आयुष्यातलं पहिलं स्थळ ते, आणि तेही मांजरीकडून.

त्या बघायला येणार म्हणून आईने घर धुऊन काढलं. शाकाहारी बाई येणार म्हणून सकाळी आणलेले बांगडे शेजारच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवले आणि साबुदाणे वडे तळले. बाई उंबऱ्यातच थांबल्या आणि नाक वर केलं.

"मासे कुठे ठेवलेत?"

आई माझ्याकडे बघू लागली. "शेजारी," मी पुटपुटले.

"परत आणा. स्थळाने काही लपवायचं नाही."

बांगडे परत आले. बाईंनी त्यांच्याकडे पाहून पदर नाकाला लावला, वडा खाल्ला, खिडकीचे गज हलवून पाहिले, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग आईच्या समोर बसल्या. "तुम्हाला मांजर आवडतं का?"

आईने पदराने तोंड पुसलं. "खरा सांगू? नाय आवडत. पायात येता."

"तरी ठेवाल?"

"ठेवीन. माझ्या चेडवान शब्द दिल्यान ना."

बाई उठल्या. "पसंत आहे. फार आवडतं म्हणणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या."

पाठवणी सकाळी झाली. दुपारी पुतण्या बाईंना पनवेलला न्यायला येणार होता. गाळा रिकामा होता, जुनी पाटी काढली होती आणि ठरल्याप्रमाणे गिलावा खाली आला होता. बाईंनी वन्संना टोपलीत ठेवलं. दूध कोमट लागतं, पाणी शिळं चालत नाही, पेपर रोजचा द्यायचा, वाचून झालेला नको. मग वर्तमानपत्रात बांधलेलं एक लहान गाठोडं माझ्या हातात दिलं. "ही पाठराखीण. आणि मला फोन करायचा नाही. मीही करणार नाही." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्या वळल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मागे बघितलं नाही. रडायचं ते घरी जाऊन, हा बाईंचा नियम मीही पाळला.

घरी वन्सं टोपलीतून निघाल्या त्या सरळ पलंगाखाली. मी गाठोडं सोडलं. बाईंच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा होता. शुभ्र धुतलेला, निळीत काढलेला, इस्त्रीला चार घड्या, आणि घडीत एक डांबरगोळी.

मला आधी हसू फुटलं. बिनमोज्याचे ते दादरचे गृहस्थ आठवले, आणि साबणाची बहीण. उभ्या मुंबईला ज्यांनी यावरून फैलावर घेतलं, त्यांचीच ही घडी. हसू फार टिकलं नाही. मी तुकडा पलंगाखाली सरकवला. वन्संनी तो एकदा हुंगला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दूधभात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. मग आईने बांगडा तळला, काटे काढले आणि बशी स्वतः आत सरकवली. बशी जशीच्या तशी बाहेर आली. आई फरशीवर बसून पलंगाखाली बघत होती. "माझो बांगडो सोडून उठलेलो माणूस मी बघूक नाय. आणि ह्या मांजार तोंड फिरवता?" रागावली होती, पण आवाज घाबरलेला होता. तिने रात्री आपल्या जुन्या परकराचा एक तुकडा वन्संच्या अंगाखाली घातला, फरशी गार लागते म्हणून. आवडत नसलेल्या मांजरासाठी हे.

आमच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मांजर असं उपाशी राहिलं की यकृतावर येतं, आणि या वयात मग परतीची वाट नसते. सलाईन लावता येईल, पण खायला तिचं तिनेच लागायला हवं. मी बाईंना फोन केला नाही. पुतण्याला केला. वन्संचं काही त्याला सांगितलं नाही, नुसतं विचारलं, बाई कशा आहेत. तो म्हणाला, "आत्या ठीक आहे. जेवत नाही नीट. मेसचं आवडत नाही म्हणते."

मी रजा टाकली आणि पनवेलची बस पकडली.

वसाहत खरोखरच छान होती. हिरवळ होती, बाकं होती, भजनाचा आवाज येत होता. बाई खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, कोपऱ्यात, समोर टेबल. टेबलावर पेपर, त्याच्या घड्या तशाच, उघडलेला नव्हता. शेजारी झाकलेलं ताट.

"पाठवणीनंतर इतक्या लवकर मुलीच्या माहेरी धावत येणारं सासर मी पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या.

"बाई, वन्सं जेवत नाहीत."

त्यांचा चेहरा हलला नाही. "पाठराखीण दिलीय ना मी?"

"धुतलेली होती, बाई. निळीत काढलेली. वर डांबरगोळी."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग एकदम चिडल्या, माझ्यावरच.

"मग काय करायचं होतं मी? दुसऱ्याच्या घरात मळकं पाठवायचं? तुझ्या आईने वडे काय, फरशी काय, सगळं किती स्वच्छ ठेवलं होतं. तिने उघडून बघितलं असतं तर काय म्हणाली असती? म्हणाली असती, बाईला वळण नाही."

"आई काही म्हणाली नसती."

"तुला काय कळतंय? तुझं लग्न तरी झालंय का?"

मी टेबलावरच्या ताटाकडे पाहिलं. बाईंनी ते पाहिलं आणि ताट पेपराने झाकलं, आधीच झाकलेलं असताना. "इथलं वरण गोड असतं," त्या म्हणाल्या. मग उठल्या, कपाट उघडलं, एक पातळ काढलं आणि न्हाणीघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर ते दुसरं होतं, आणि आधीचं, नेसून चुरगळलेलं, हातात बोळा करून धरलेलं. मी पिशवी उघडली. त्यांनी तो बोळा आत टाकला आणि घाईघाईने पिशवीचं तोंड स्वतःच बंद केलं. कोणी बघेल म्हणून त्यांनी खिडकीबाहेरही पाहिलं.

मी निघाले. दारापर्यंत आले तर मागून आवाज आला. नियम त्यांनीच मोडला.

"झोपतात कशावर त्या?"

"आईच्या परकराचा एक तुकडा आहे."

"जेवायला लागल्या की तो मला आणून दे."

"तो कशाला?"

"विचारतेस काय?" त्या पेपराशी चाळा करत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "आणि धुवायचा नाही."

पातळ पलंगाखाली गेलं त्या संध्याकाळी बराच वेळ काहीच झालं नाही. मग कापड ओढल्याचा आवाज आला. मी आणि आई फरशीवर आडव्या पडून बघत होतो. वन्सं त्या बोळ्यात शिरल्या, गोल फिरल्या, बसल्या, आणि आईने पुढे सरकवलेली बांगड्याची बशी चाटूनपुसून साफ केली. शाकाहारी घरातली मुलगी. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघ," ती म्हणाली, "बांगडो तेव्हापण चांगलोच होतो."

पुढच्या रविवारी पनवेलला जायचं म्हणून मी परकराचा तुकडा शोधू लागले, तर पलंगाखाली नव्हता. आई मोरीत होती. बादलीत साबणाचा फेस, आणि तुकडा तिच्या हातात, बुडवायच्या बेतात.

"आई! धुवू नको!"

"वेडी काय गे तू? परक्याच्या घराक असो केसाळ पाठवतत?"

मी तो तिच्या हातातून अक्षरशः हिसकावला. एक कोपरा भिजला होता.

पनवेलला बाईंनी पिशवीतून तुकडा बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला आणि नाकाशी नेला. परकरावर पांढरे करडे केस होते, आणि वास खोलीभर गेला. बाईंनी नाक मुरडलं.

"बांगडा," त्या म्हणाल्या.

"हो."

"शी," त्या म्हणाल्या, आणि तो तुकडा आपल्या उशीखाली ठेवला.